प्राणहितेपलीकडचं लग्न

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी लग्नाचं गाव कोणत्या काठावर आहे ते बघतो. अलीकडे असेल तर निवांत. पलीकडे असेल तर घरातल्या मोठ्यांची बैठक बसते. कोण जाणार, कशाने जाणार, मुक्काम करायचा की त्याच दिवशी परतायचं, म्हाताऱ्या आजीला न्यायचं की नाही, सगळं ठरतं. पत्रिकेची एक बाजू मराठीत आणि दुसरी तेलुगूत छापलेली असते. तालुक्याच्या पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. पहिल्या दोघींपलीकडे तेलंगण, तिसरीपलीकडे छत्तीसगड. सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीला मिळते, तिथे काठावर उभं राहिलं की तीन राज्यं एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात.

मुंबई-पुण्याकडच्या घरांत हल्ली बालीला, फुकेतला, दुबईला लग्नं लागतात. पाहुण्यांनी व्हिसा कधी काढावा, पैसे कुठे बदलावेत, प्रवासाचा विमा कोणता घ्यावा, याच्या सूचना पत्रिकेसोबतच येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत परमुलखातलं लग्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे, पण त्याच्या सूचना कुणी छापत नाही. पासपोर्ट लागत नाही एवढाच काय तो फरक. भाषा बदलते, कायदा बदलतो, मुहूर्ताची पद्धत बदलते, बसचं भाडं बदलतं, आजारपणाची जात बदलते. हे ठाऊक नसलेला पाहुणा स्वतः हाल काढतो आणि यजमानालाही हाल काढायला लावतो. ऐन लग्नघरातल्या पोरांना मांडव सोडून नाल्याकाठी अडकलेली गाडी आणायला पळावं लागतं, हे मी या भागात फार वेळा पाहिलंय. हा लेख त्या यजमानांसाठी आहे.

इथल्या सीमा नात्यांपेक्षा वयाने लहान आहेत. सिरोंचा हा निजामाचा मुलूख. तो १८६० मध्ये इंग्रजांकडे आला, ‘अपर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं ठाणं सिरोंच्यात बसलं आणि १८७४ मध्ये तो भाग चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. सरकारी नकाशावर रेघा अशा फिरत राहिल्या आणि पद्मशाली, मुन्नूरकापू, नेतकानी, गोल्ला, राजगोंड या समाजांचे सोयरे दोन्ही काठांवर राहत आले. चेन्नूर, मंचेरियाल, भूपालपल्ली, कागजनगर, आसिफाबाद ही सिरोंचा-अहेरी-राजुऱ्याकडच्या घरांना सासर-माहेरची गावं आहेत. त्यात मिरची तोडाईची भर पडली. पूर्व विदर्भातले मजूर दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जातात, महिना-दोन महिने तिथेच राहतात आणि त्यातूनही ओळखी वाढतात.

पहिली सूचना मुहूर्ताच्या महिन्याची, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. मराठी माणसाच्या डोक्यात पक्कं असतं की देवशयनी एकादशी आली, चातुर्मास लागला, लग्नं बंद. तेलुगू घरांत आषाढ वर्ज्य असतो आणि श्रावण मात्र लग्नाला उत्तम मानतात. त्यामुळे ऐन पावसाळ्यात पलीकडून पत्रिका येते. नागपूरच्या, चंद्रपूरच्या पाहुण्याला वाटतं, छान, हिरवं रान बघत जाऊ. त्याला आलापल्ली ते सिरोंचा हा शंभर किलोमीटरचा रस्ता पावसात कसा असतो हे माहीत नसतं. जंगलातून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी ओळखला गेला. मधले नाले फुगले की वाहनं दोन्ही बाजूंना थांबतात आणि पाणी उतरेपर्यंत थांबूनच राहतात. भामरागडची तर दर पावसाळ्यातली कथा ठरलेली आहे. पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तालुक्याचं ठाणं उरलेल्या जगापासून तुटतं, कधी दिवसभर, कधी कित्येक दिवस.

म्हणून श्रावणातल्या लग्नाला एक दिवस आधी पोचायचं. दोन दिवस आधी जमलं तर आणखी बरं. आणि नकाशा दाखवणाऱ्या ॲपवर भिस्त ठेवायची नाही. ते अंतर सांगतं, पूल पाण्याखाली आहे की नाही ते सांगत नाही. निघायच्या दिवशी सकाळी यजमानाला फोन करायचा आणि विचारायचं की आज कोणत्या वाटेने या म्हणता. या भागातला यजमान हा प्रश्न ऐकून मनापासून खूश होतो, कारण तो विचारणारे फार थोडे असतात. उत्तर पुष्कळदा अनपेक्षित येतं. चंद्रपूरहून सिरोंच्याला जायला कधी आलापल्लीचा सरळ रस्ता सोडून बल्लारशाहवरून रेल्वेने मंचेरियाल गाठणं आणि तिथून चेन्नूरमार्गे प्राणहितेचा पूल ओलांडून येणं सोयीचं पडतं. म्हणजे महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच जायचं, पण तेलंगणातून. गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीत प्रवासी रेल्वेचं स्थानक एकच, देसाईगंज म्हणजे वडसा, आणि ते जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. सिरोंचा दक्षिण टोकाला. वडशाला उतरून सिरोंच्याचं लग्न गाठायचा बेत आखणाऱ्या पाहुण्याने आधी हे अंतर बघावं.

पूल आले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. सिरोंच्याजवळ गोदावरीवर कालेश्वरकडे जाणारा, प्राणहितेवर चेन्नूरकडे जाणारा, अहेरीजवळ वांगेपल्ली-गुडेमचा, पातागुडमकडे इंद्रावतीचा. त्याआधी वऱ्हाड नावेतून जायचं. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूतून चालत, गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर ट्रंका घेऊन. जुनी माणसं अजून सांगतात की नवरदेवाला खांद्यावर घेऊन धार ओलांडायचे, कारण त्याचे पाय भिजू द्यायचे नसत. ज्या गावांजवळ पूल नाही तिथली माणसं आजही नावेनेच जातात आणि पाहुण्यालाही नावेत बसायची वेळ येते. इथे मी हात जोडून सांगतो. नाव भरली असेल तर दुसऱ्या फेरीची वाट बघा. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या पात्रात नाव उलटली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. त्या रोजच्या जाणाऱ्या होत्या, नदी त्यांच्या ओळखीची होती. लग्नाला निघालेल्या माणसाच्या अंगावर जरीचं लुगडं असतं, कडेवर मूल असतं, हातात अहेराची पिशवी असते. असा माणूस पाण्यात पडला तर त्याला हातपाय मारायलाही जागा नसते. अंधार पडल्यावर नावेत बसू नये. नावाड्याने एखाद्याला उतर म्हटलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

उन्हाळ्यात चालत धार ओलांडायची जुनी सवयही आता जपून. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे, गोदावरीवर पोचमपल्लीसमोर मेडीगड्डाचं बॅरेज आहे. पंचाऐंशी दारांचं हे बॅरेज जून २०१९ मध्ये सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. वर कुठे पाणी सोडलं, कुठे अडवलं, यावर खालच्या धारेची खोली ठरते. आजोबांच्या काळचा उतार आज उतार असेलच असं नाही. काठावरच्या ढिवराला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

आता गाडीचं बोलू. सगळ्यात जास्त जीव तिथे जातात आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही तिथेच. वऱ्हाड नेताना पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली करायची, मागे ताडपत्री बांधायची, चाळीस माणसं उभी करायची, ही रीत या भागात सर्रास आहे. गरिबीतून आलेली आहे, मला कळतं. बस भाड्याने घ्यायचे पैसे नसतात. पण मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि न्यायालयंही बहुतेक वेळा तिच्याच बाजूने उभी राहतात, कारण त्या गाडीचा विमा माणसांसाठी काढलेलाच नसतो. लग्नघर एका दिवसात कर्जात आणि सुतकात दोन्हीत बुडतं. परराज्यात जाताना आणखी एक पेच येतो. भाड्याची काळी-पिवळी किंवा ट्रॅव्हलर असेल तर तिला त्या राज्याचा तात्पुरता परवाना आणि कर भरावा लागतो. तो नसेल तर नाक्यावर वऱ्हाड उतरवून गाडी उभी केली जाते आणि मुहूर्त निघून जातो. गाडी ठरवतानाच चालकाला विचारावं, परमिट काढलं का, पावती दाखव. स्वतःच्या खासगी गाडीला ही कटकट नाही, कागद तेवढे पूर्ण असावेत.

बसने जाणाऱ्या बायांनी एक लक्षात ठेवावं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरतं. पलीकडे तेलंगणच्या साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना प्रवास मोफत आहे, पण तो तिथल्या रहिवासी महिलांना, ओळखपत्र दाखवून. सिरोंच्याची आत्या आणि चेन्नूरची आत्या एकाच बाकावर शेजारी बसतात, एकीला पूर्ण तिकीट आणि दुसरीला शून्य रुपयांचं. कंडक्टरशी भांडण्यात अर्थ नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत. रोख पैसे तसेही जवळ हवेतच, कारण जंगलातल्या रस्त्यावर रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

रोख फार जास्तही नको, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूरला १९ एप्रिलला मतदान झालं आणि तेलंगणात १३ मे रोजी. म्हणजे लगीनसराईचा सगळा भर आचारसंहितेत गेला. पन्नास हजारांवर रोकड कागदाशिवाय सापडली की ती जमा होते, मग ती सोन्यासाठी असो की मांडवाच्या बाकीसाठी. बँकेतून पैसे काढल्याची पावती आणि पत्रिका, दोन्ही गाडीत ठेवायची. पत्रिका दाखवली की नाक्यावरचे पोलीस बहुतेक वेळा समजून घेतात.

आणि बाटली. हे स्पष्टच लिहितो, कारण बाहेरचे पाहुणे इथे हमखास फसतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून लादलेली नाही. गावोगावच्या बायांनी, संघटनांनी, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं लढून ती आणली. शेजारच्या चंद्रपूरला १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. तेलंगणात दुकानं उघडी आहेत. त्यामुळे मंचेरियालहून किंवा चंद्रपूरहून येणारा पाहुणा डिकीत चार बाटल्या घालून निघतो, त्याच्या दृष्टीने काही गैर नसतं, आणि वैनगंगा किंवा प्राणहिता ओलांडली की तोच माल गुन्हा होतो. गाडी जप्त होते, नवरीच्या बापाला पोलीस ठाण्यात जावं लागतं. ज्या गावातल्या बायांनी दारू बंद केली त्या गावात मांडवामागे बाटली उघडणं हा तर त्या बायांचा अपमान आहे. वऱ्हाडातल्या पोरांना निघण्याआधीच सांगा. नंतर सांगून उपयोग नसतो.

आता मांडवात येऊ. तेलुगू लग्नाला पहिल्यांदा गेलेला मराठी पाहुणा तिथे असूनही लग्न चुकवतो. तो अंतरपाट धरला जाईल, मंगलाष्टकं होतील, ‘शुभमंगल सावधान’ झालं की अक्षता टाकू, या हिशेबाने खुर्चीत बसून असतो. इकडे स्टेजवर पडदा धरलेला असतो. नवरानवरीच्या हातात विड्याच्या पानावर जिरं आणि गूळ एकत्र वाटलेला गोळा दिलेला असतो, त्याला तिथे जीलकर्रा-बेल्लम म्हणतात. मुहूर्ताची नेमकी घटका आली की दोघं एकमेकांच्या डोक्यावर टाळूपाशी तो गोळा ठेवतात आणि हात तसाच दाबून धरतात. सनई आणि डोल एकदम चढतात, कानठळ्या बसतात, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. नवरीचा हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेला असतो आणि नवऱ्याच्या कपाळावरचं बाशिंग तिच्या मनगटाला लागत असतं, म्हणून एक मावशी मागून तो हात अलगद वर उचलून धरते. जिऱ्याचा उग्र वास पहिल्या रांगेपर्यंत येतो. मग पडदा बाजूला होतो आणि दोघं पहिल्यांदा एकमेकांना बघतात. लग्न लागलं ते त्या क्षणी. मंगळसूत्र त्यानंतर. त्याच्यानंतर तलंब्रालू, म्हणजे हळद लावलेले तांदूळ नवरानवरी ओंजळींनी एकमेकांच्या डोक्यावर ओततात आणि तेव्हा मात्र सगळा मांडव हसत असतो. अक्षता टाकायच्या असतील तर जिरं-गुळाच्या वेळी उठून जवळ जायचं. तिथे पाहुणे रांग लावून स्टेजवर जाऊनच अक्षता टाकतात, खुर्चीतून फेकत नाहीत.

मुहूर्त पहाटे दोनला असू शकतो, सकाळी साडेदहाला असू शकतो. पंचांगात निघालेली घटका तिथे मिनिटावर पाळतात. ‘गोरज मुहूर्त आहे, पण सात वाजता लागेल’ ही आपली ढिलाई पलीकडे चालत नाही. जेवण मात्र मुहूर्तासाठी थांबत नाही. बऱ्याच ठिकाणी आलेल्या पाहुण्याला आधी पंगतीला बसवतात आणि लग्न लागण्याआधी जेवायला सांगितलं म्हणून मराठी सोयरे रुसतात. रुसू नये, तो तिथला पाहुणचार आहे. तेलंगणातल्या अनेक समाजांत लग्नाच्या जेवणात मटण असतं. शाकाहारी माणसाने तसं आधी कळवलं तर वेगळी पंगत मांडतात, पप्पू (वरण), पुलिहोरा (चिंचेचा भात), गारे (वडे), पेरुगु (दही) सगळं येतं. ऐन वेळी पान सोडून उठू नये. अहेर द्यायची पद्धतही वेगळी. वहीत नाव आणि रक्कम लिहिली जाते, पुष्कळदा माइकवरून वाचलीही जाते. त्याला तिथे चदिविंपुलु म्हणतात. आपल्याकडच्या पाकिटात गुपचूप देण्याची सवय असलेल्यांना संकोच होतो. वहीत नोंद होते ती परतफेडीसाठी. उद्या तुमच्या घरी लग्न निघालं की ती वही उघडली जाणार असते. नाव मराठीत सांगा, गाव सांगा, लिहिणाऱ्याला तेलुगूत लिहायला वेळ द्या.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गोंडांच्या लग्नाला जायची वेळ आली तर वरचं सगळं बाजूला ठेवा. रूढीप्रमाणे तिथे नवरीकडची मंडळी नवऱ्याच्या गावी येतात, लग्न तिथे लागतं. देव किती, म्हणजे कूळ चार देवांचं की सहा देवांचं, यावर सोयरीक जुळते आणि एकाच देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. आडनाव विचारून मग देव विचारतात, त्यात वावगं काही नाही. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमध्ये याच कुळांचे सोयरे आहेत आणि मधली वाट बरीचशी पायी. गावात शिरल्यावर आधी गायत्याला, म्हणजे गावच्या पारंपरिक प्रमुखाला भेटावं, जोहार म्हणावं, आपण कुणाचे कोण ते सांगावं. रेला नाचात बोलावलं तर नाचावं. फोटो विचारल्याशिवाय काढू नये. बाहेरून आलेल्या माणसाने माडिया मुलीच्या अंगावरच्या दागिन्यांवर कॅमेरा रोखलेला मी पाहिलाय, तेव्हा तिच्या भावाच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते कुणा पाहुण्याने कधी ओढवून घेऊ नये. या गावांची वाट आता हळूहळू उघडतेय. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यात गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली. नक्षल चळवळीची वर्षं, सुरुंगांची भीती, संध्याकाळनंतर रस्ता नको हा दंडक, हे सगळं या भागातल्या लग्नांनी सोसलं. त्यामुळे इथली लग्नं आजही दिवसाउजेडी आटोपायची सवय आहे. पाहुण्यानेही ती पाळावी.

दिवसाउजेडी निघायला आणखी एक कारण आहे, जनावरं. ताडोब्याच्या आसपास, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, वडसा, आरमोरी या पट्ट्यात वाघ जंगलाइतकाच शेतातही असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात सीटी-१ नावाचा वाघ पकडला, तोवर त्याने तेरा माणसं मारली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि कुरखेडा, कोरची, आरमोरीकडे फिरत राहिला. हत्तीला मोहाचा वास लांबून येतो आणि लगीनसराईच्या दिवसांत घरोघरी मोह वाळत घातलेला असतो. वरातीहून मध्यरात्री मोटरसायकलवर दोघं-तिघं परतणं या भागात मोठा धोका पत्करणं आहे. मुक्काम करा. यजमानाला अंथरूण घालायला त्रास होईल म्हणून निघू नका, तुम्ही निघालात तर त्याला रात्रभर झोप लागत नाही. मोहर्लीच्या, कोलाऱ्याच्या बाजूला हल्ली रिसॉर्टांत लग्नं होऊ लागलीत. तिथे येणाऱ्या शहरी पाहुण्यांना एवढंच सांगणं आहे की मंगळवारी ताडोबा बंद असतो, सफारीचं आरक्षण लग्नाच्या तारखेआधी पुष्कळ दिवस करावं लागतं, आणि जंगलाच्या रस्त्यावर हॉर्न आणि डीजे दोन्ही नकोत. आजूबाजूच्या गावांतली माणसं त्याच रस्त्याने पहाटे मोह वेचायला निघतात.

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात तर परराज्यात जायला घराबाहेर पडावंच लागत नाही. परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी सीमेवरची चौदा गावं महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही आपली म्हणतात. दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं मतदान. महाराजगुड्यातल्या एका घराच्या चार खोल्या एका राज्यात आणि चार दुसऱ्यात आहेत. इथली बरीच माणसं मराठवाड्यातून येऊन वसली, त्यामुळे लग्नाला नांदेड-जालन्याचे पाहुणे येतात आणि डोंगरावरचा रस्ता बघून थक्क होतात. तेलंगण सरकार कल्याणलक्ष्मी योजनेत नवरीच्या घराला १ लाख ११६ रुपये देतं. पत्ता कोणत्या राज्याचा लिहायचा याचा विचार इथे लग्न ठरण्याबरोबरच सुरू होतो. त्यात पाहुण्याने सल्ले देऊ नयेत. ज्या घराला दोन सरकारांनी वर्षानुवर्षं टांगून ठेवलंय त्या घराला आपला हिशेब कळतो.

याच पट्ट्यातल्या गोंडांच्या मेश्राम कुळातली सोयरीक असेल तर लग्न मांडवात संपत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्या वर्षात घरात आलेल्या सुनांची तिथे देवाशी भेट घडवतात. डोक्यावरून पांढरं वस्त्र ओढून सुना रांगेत बसतात, थोरल्या बाया त्यांना पुढे नेतात. ही भेट झाल्याशिवाय नवी सून कुळात धरली जात नाही. चंद्रपूर, यवतमाळकडून बैलगाड्या घेऊन जाणारी कुटुंबं अजून आहेत. उन्हाळ्यात लग्नाला गेलात तर पौषातलं हे बोलावणंही येईल असं धरून चाला. थंडी कडाक्याची असते, मुक्काम उघड्यावर असतो. घोंगडी न्यावी.

उन्हाचं मात्र चंद्रपूरकरांनी इतरांना सांगायलाच हवं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कधी सत्तेचाळीसच्या. पुण्या-नाशिकच्या पाहुण्याला हा आकडा ऐकून कळत नाही. दुपारी बारा ते चार प्रवास ठेवू नये. कान आणि डोकं ओल्या दुपट्ट्याने बांधावं, नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखरेचं पाणी, ताक, आंबील घ्यावी. नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना नेऊच नये. यजमान आग्रह करेल, आपण न मानलं तर दोन दिवस रागावेल आणि मग विसरेल. मे महिन्यातल्या तेंदूपत्त्याच्या हंगामातही जरा समजून घ्यावं. पहाटे तीनला उठून पान तोडायला गेलेली माणसं संध्याकाळी मांडवात बसल्या बसल्या झोपतात. वर्षाचा नगद पैसा त्या पंधरवड्यात येतो. ‘आमच्याकडे कुणी नीट लक्षच दिलं नाही’ ही तक्रार अशा घरात करू नये.

शेवटी तापाचं. महाराष्ट्रात मलेरियाचे सर्वाधिक रुग्ण सापडणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली येतं आणि त्यात मेंदूवर जाणारा फॅल्सिपॅरम प्रकार मोठ्या प्रमाणावर आहे. पाहुणे अंगणात, मांडवात, सतरंजीवर झोपतात, कारण घरात जागा नसते आणि उकाडाही असतो. मच्छरदाणी सोबत न्यावी, यजमानाकडे चाळीस मच्छरदाण्या असण्याची अपेक्षा धरू नये. जमिनीवर झोपलं तर साप-विंचवाचीही भीती असते, मच्छरदाणी गादीखाली खोचली की तीही कमी होते. डास चावल्यावर ताप लगेच येत नाही. दहा-बारा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा, म्हणजे पाहुणा आपल्या घरी पोचून लग्नाचे फोटो दाखवून झाल्यावर. तोवर तो प्रवास विसरलेला असतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला फ्लू वाटतो, डेंगी वाटतो, गोळ्या देऊन घरी पाठवतो आणि मधले तीन दिवस जातात. त्या तीन दिवसांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. इथल्या गावात आशाताईकडे बोटाच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारं किट असतं, शहरात मात्र तपासणी मागावी लागते. लग्नाहून परतल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरसमोर बसताच पहिलं वाक्य हे म्हणायचं की मी गडचिरोलीला जाऊन आलोय, आधी मलेरियाची तपासणी करा.